पानांआडची पिवळी कार्डं

सोमवार, ४ मार्च

आजपासून शेड वाटून दिल्या. एक आणि दोन माझ्या, तीन आणि चार धाकटीच्या. साहेबांनी फळ्यावर खडूने मधोमध रेघ ओढली आणि झालं! इतकी वर्षं चारही शेडमधल्या चिकट कार्डांवरच्या माश्या मी एकटी मोजत आले, त्याचं हे बक्षीस.

आणि धाकटी म्हणजे कोण, तर माझीच जाऊ. हिला इथे आणली कुणी? मीच. "घरात नुसती बसून कंटाळते, माझ्या हाताखाली येऊ दे," असं साहेबांना सांगायला मीच गेले होते. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो असा.

तिची पहिल्या दिवशीची गोष्ट अजून सगळे चघळतात. आमच्या जरबेऱ्याच्या फुलांच्या शेडमध्ये पिवळं कापड घालून कुणी जात नाही. पांढऱ्या माशीला पिवळं दिसलं की ती त्यावर जाऊन बसते, म्हणून तर आमची कार्डं पिवळी. आणि ही बया नवाकोरा पिवळाधमक ड्रेस घालून हजर! मी सांगायला विसरले होते. (खरंच विसरले होते. बहुतेक.) बघता बघता तिच्या पाठीवर माश्याच माश्या. मी मनात म्हटलं, आटोपलं हिचं, उद्यापासून घरी. तर साहेब हसून म्हणाले, "वा, हा तर चालता-फिरता सापळा!" त्या दिवसापासून साहेबांना तिचं नाव पाठ. माझं नाव पाठ व्हायला वर्ष लागलं होतं त्यांना. आम्ही चुकलो की चूक, ती चुकली की कौतुक.

मंगळवार, ५ मार्च

ती रेघ का ओढली ते आज कळलं. पाणीवाल्याने सांगितलं. तो ठिबकच्या नळ्या बघत चारही शेडमधून फिरतो, त्यामुळे बातमी आधी त्याच्याकडे आणि मग फळ्यावर. साहेबांना पुढे एकच बाई हवी आहे म्हणे. चारही शेडची कार्डं तीच मोजणार, फवारणी कधी करायची ते तीच सांगणार, ऑफिसात तिला स्वतःचं टेबल. आणि दुसरी? "दुसरी पॅकिंगला," तो म्हणाला, आणि माझ्या गुडघ्यांकडे बघितलं मेल्याने.

पॅकिंगला मी उमेदीची वर्षं घालवली आहेत. थंड खोली, ओली फरशी, दिवसभर उभं राहून एकेका फुलाला प्लास्टिकची टोपी चढवायची. गुडघे तिथेच गेले. तिथून सुटले ती हातातल्या या भिंगाच्या जोरावर. परत तिथे जायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही.

एप्रिल संपेपर्यंत ठरणार म्हणे.

सोमवार, ११ मार्च

कार्डं बदलायचा दिवस. जुनं उतरवायचं, मागे शेडचा आणि ओळीचा नंबर टाकायचा, भिंग लावून मोजायचं, नवं टांगायचं. पानांच्या जरा वर, फार उंच नाही. मी हे झोपेतसुद्धा करीन. धाकटी एकेक कार्ड उजेडाकडे धरून, ओठ हलवत मोजते. शाळेत पाढे म्हणतात तशी. साहेब बघत उभे होते. मी मोजताना कधी उभे राहिले नव्हते.

मग बाईसाहेब म्हणाल्या, "सर, मध्ये मध्ये निळी पण लावू या का? फुलकिडे निळ्यावर जास्त येतात ना?"

येतात. मला काय माहीत नव्हतं? निळ्या कार्डांचा गठ्ठा कपाटात कधीचा पडून आहे. पण मी मनातल्या मनात माहीत असणारी, आणि ती तोंडाने बोलणारी. निळी कार्डं लागली. सगळीकडे. माझ्याही शेडमध्ये मीच टांगली.

जेवताना भावजींनी बायकोचं हे सगळं कौतुकाने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हिची नजर पहिल्यापासूनच तेज हो." आमचे हे म्हणतात, "चांगलंच आहे की. घरातल्या घरात राहतंय." मी त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला. त्यांना कळलं नाही. त्यांना कधीच कळत नाही.

शनिवार, १६ मार्च

केससुद्धा तिचेच दाट.

सोमवार, १८ मार्च

माझ्या दोनमधली कार्डं भरलेली, तिची बऱ्यापैकी कोरी. साहेब म्हणाले, "दोनमध्ये वाढतंय बरं का. लक्ष आहे ना?"

लक्ष आहे ना! दोनच्या दाराबाहेर रस्ता, रस्त्याकडेला तण माजलेलं. दार उघडलं की माश्या आत. तीन आणि चार आहेत मागे, भिंतीच्या आडोशाला. तिथे मीच काय, दगड ठेवला असता तरी कार्डं कोरी राहिली असती. पण हे साहेबांना सांगायला गेले तर म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणून गप्प बसले.

ती घरी येताना वाटेत म्हणाली, "ताई, तुम्हाला कार्डं बदलायला मदत करू का दोनमध्ये? माझं लवकर आटपतं."

लवकर आटपतं!! मी म्हटलं, "नको गं, दमतेस तू."

मंगळवार, १९ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेले. काय केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

मोजायची कार्डं वर टांगलेली असतात, सगळ्यांना दिसतात. मी आणखी पिवळी कार्डं घेतली आणि खाली, कुंड्यांच्या मधे, पानांच्या आड उभी खोचली. मोजायच्या कार्डांच्या आजूबाजूलाच. माश्या पानांतून उठल्या की आधी त्यांच्यावर जातील. वरच्या कार्डापर्यंत पोचतील त्या थोड्याच. आणि मोजायचं वरचंच असतं.

कुणाचं काही चोरलं नाही. चार कार्डं जास्तीची लावली इतकंच.

पण इथे तरी खरं लिहावं. धाकटीला पहिल्या दिवशी मीच शिकवलं होतं — "सापळा माश्या संपवायला नसतो, किती आहेत ते सांगायला असतो. ताप बघायची नळी असते ना, तसा. नळीने ताप उतरत नाही." तिने मान डोलावली होती. म्हणजे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

सोमवार, २५ मार्च

उतरला आकडा! निम्म्याहून खाली. साहेबांनी माझं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "अनुभव तो अनुभव." धाकटी शेजारीच उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं. मी ते तोंड दिवसभर आठवून आठवून पाहिलं.

परतताना मीच मोठेपणाने म्हटलं, "होईल गं हळूहळू. लगेच कुठे येतं सगळं?" ती "हो ताई" म्हणाली आणि भराभर पुढे चालू लागली.

आज गुडघे दुखले नाहीत.

गुरुवार, २८ मार्च

फजिती होता होता राहिली. साहेब फेरी मारत दोनमध्ये आले, आणि मी घाईघाईने कुंड्यांपुढे उभी राहायला गेले तर पदर खालच्या कार्डाला चिकटला. तो डिंक असा की जे धरील ते सोडायचं नाही. साहेब बोलताहेत आणि मी पुतळ्यासारखी उभी. "बसा ना," म्हणाले. म्हटलं, "नको, अशीच बरी आहे." ते गेल्यावर पदर ओढला तर कार्डासकट वर आला, माश्या भरलेलं. ती साडी आता पोतेऱ्याला.

धाकटीने घरी विचारलं, "ताई, पदराला काय झालं?" तिची नजर खरंच तेज आहे.

सोमवार, १ एप्रिल

तिचा आकडा माझ्याखाली गेला.

कसा? तीन आणि चारमध्ये गेल्या आठवड्यात जे होतं त्याच्या पावसुद्धा नाही. माझं काय तर एवढा आटापिटा करून थोडं उतरलेलं. साहेबांनी दोघींची कार्डं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाले, "तुमच्या दोघींत चुरस लागलेली दिसते. चांगलं आहे." मला हसावं लागलं. तीही हसली. माझ्याकडे न बघता.

काय करते ही? कोणता मंत्र मारते? भिंतीचा आडोसा आधीही होताच की. मग आताच कार्डं एवढी कोरी कशी?

सासूबाईंना आनंद लपवता येत नाही. "दोघी माझ्या गुणाच्या," असं म्हणतात, पण बघतात तिच्याकडे.

बुधवार, ३ एप्रिल

दुपारच्या सुट्टीत तिच्या तीनमध्ये डोकावले. दारातूनच. ओळी नीट, फुलं ताठ, कार्डं वर झुलताहेत, पिवळी स्वच्छ. लांबून तरी एक ठिपका दिसेना. मत्सर मत्सर म्हणतात तो पोटातच असतो, बरगड्यांच्या खाली डावीकडे. मी हात लावून दाखवू शकते.

ती मागून आली. दचकलीच मला बघून. "काही हवंय का ताई?"

"कात्री."

"कात्री तर तुमच्या हातात आहे."

संध्याकाळी दोनमध्ये आणखी कार्डं खोचली. एकमध्येसुद्धा.

सोमवार, ८ एप्रिल

माझा आकडा खाली. तिचा त्याहून खाली. साहेब खूश. फुलं घेणारे व्यापारी आले होते, त्यांना फिरवून फिरवून दाखवत होते. "महिनाभर फवारणीचा एक थेंब नाही आमच्याकडे. या दोघी बघतात." व्यापाऱ्यांनी आम्हाला नमस्कार केला. आम्ही दोघींनी केला. दोघींच्या मधे एक कुंडी होती आणि कुंडीत एक केशरी फूल, बस.

पाणीवाला म्हणतो, पारडं धाकटीकडे झुकलंय. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या नळ्या बघ.

शुक्रवार, १२ एप्रिल

फुलं काढताना आज हात चिकटले. आधी वाटलं खालच्या कार्डाचा डिंक. पण डिंक नव्हता. पानंच चिकट झाली आहेत. त्यांच्यावर पातळ गोडसर थर, आणि त्या थरावर काळी बुरशी धरायला लागली आहे, काजळीचं बोट ओढल्यासारखी.

पान उलटं केलं. खालून अख्खं पांढरं. पिल्लंच पिल्लं, पानाला चिकटून रस पिताहेत. त्यांना कुठे पंख आहेत कार्डावर यायला! मोठ्या माश्या मी लपवल्या, त्यांनी आधीच घातलेली अंडी कुठे लपवणार होते?

दुसरं पान उलटलं. तिसरं. मग उलटायचं सोडून दिलं.

महिन्यापूर्वी कार्ड खरं बोललं असतं तर तेव्हाच एक फवारा पुरला असता. आता ही ओळच्या ओळ उपटावी लागेल की काय? दोनमध्ये फुलं काढणाऱ्या पाचजणी आहेत. शेड रिकामी झाली तर त्यांना घरी बसवतील. त्यांतली एक अजून अंगावर पाजते आहे.

शनिवार, १३ एप्रिल

नाही सांगितलं. ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आत धाकटी साहेबांशी बोलत होती.

सोमवार, १५ एप्रिल

सांगितलं.

आधी सगळी खोचलेली कार्डं उपटून काढली. माश्यांनी काळी-पांढरी झालेली. एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. तो तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "ही मोजलेली नाहीत. माझ्या एक आणि दोनमधली आहेत. मीच लावली होती, आकडा खाली दिसावा म्हणून. पानं खालून भरली आहेत."

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेनाच्या टोकाने लगदा जरा उचलून बघितला आणि म्हणाले, "तुम्ही? तुमच्याकडून नव्हतं वाटलं."

मग उठून माझ्याबरोबर दोनमध्ये आले. पानं उलटली. एक ओळ गेल्यात जमा, बाकी वाचतील म्हणाले. उद्यापासून एक आणि दोनमध्ये फवारणी. पाचजणींना काढणार नाहीत, हे मी दोनदा विचारून घेतलं. "तीन-चारमध्ये गरज नाही," म्हणाले. "तिथले आकडे चांगले आहेत."

म्हणजे ठरलंच. धाकटीला चारही शेड. मी पॅकिंगला.

मन हलकं होतं म्हणतात, खरं सांगितलं की. माझं नाही झालं. मला अजून ते टेबल हवंय. मी चुकले हे मला कळतं, आणि तरी ते तिला मिळालं म्हणून जीव जळतो. दोन्ही एकदम होतं हे मला आजवर माहीत नव्हतं.

मंगळवार, १६ एप्रिल

टोप्या चढवल्या. दिवसभर. फरशी तशीच ओली आहे.

घरी सगळ्यांना कळलं होतंच. आमचे हे माझ्यासाठी गुडघ्याला लावायचं मलम घेऊन आले, आणि मीच खजील झाले. सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "मोठी झालीस हो." ती जेवणावरून उठून गेली. अर्धं टाकून! मी म्हटलं, बघा, एवढ्यातच मिजास. एवढं सगळं मिळालं तरी हसायला जड जातंय. मी असते तर गल्लीभर सांगत सुटले असते.

दया आली असेल माझी. तिची दया मला नको. तिने खुशाल मिरवावं, मला नीट जळू तरी द्यावं.

बुधवार, १७ एप्रिल

नव्या टेबलावर बसायचा पहिला दिवस, आणि बाई घरीच. "डोकं दुखतंय," म्हणे. भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी विचारलं, "चहा करू?" तर डोक्यावरून पांघरूण घेतलं.

टेबल रिकामं होतं. काचेतून दिसत होतं.

गुरुवार, १८ एप्रिल

आजही आली नाही. साहेबांनी मला पॅकिंगमधून बोलावून तिच्या तीनमधली, सोमवारच्या गोंधळात राहून गेलेली कार्डं बदलायला पाठवलं. "काम तर माहीत आहे तुम्हाला," म्हणाले. पहिलंच कार्ड काढताना बोट चुकून त्याच्यावर टेकलं — आणि सुटून आलं. चिकटलंच नाही! दुसरं कार्ड, तेही कोरडं. नाकाशी नेलं. पावडर. अंगाला लावायची पावडर, प्रत्येक कार्डावर हलक्या हाताने थापलेली. माश्या बसल्या असतील आणि उडून गेल्या असतील.

पान उलटलं. पांढरं.

घरी येऊन कार्ड तिच्यापुढे धरलं. ती उठून बसली, रडली आणि म्हणाली, "ताई, तुमचा आकडा एकदम उतरला ना, मला वाटलं मी संपले. तुमच्यासारखं मला कधी जमलंच नसतं."

माझ्यासारखं! माझ्या खोट्या आकड्याच्या मागे धावत होती ही. माझ्यावर जळत होती. लिहायला लाज वाटते, पण क्षणभर बरं वाटलं. मग तिचे ते दाट केस हाताने सारखे केले आणि म्हटलं, "चप्पल घाल. साहेब अजून ऑफिसात असतील. मी येते बरोबर."